दोन चाळीस ते दोन बावन्न

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर शेवट तरी मनासारखा केला असता.

मी तेरला राहते, शाळेत शिकवते. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची आजवर मी चेष्टाच करत आले. पण ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची, क्षमाची आहे. तिनं ती माझ्याच घरात, माझ्यासमोर बसून सांगितली. सांगताना तिच्या हातातल्या चहावर साय धरली, तरी कप तिनं खाली ठेवला नाही. थापा मारणारी माणसं मी रोज वर्गात बघते. ती अशी नसतात.

ठिकाण जळकोट. तुळजापूर तालुक्यातलं, हायवेवरचं गाव.

तारीख १४ मे २०२४. वार मंगळवार.

वेळ भर दुपारची. ऊन मी म्हणत होतं. अमावस्या नाही, अंधार नाही, काही नाही.

क्षमाच्या नवऱ्याचं नाव प्रसेनजित. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर आणि मध्ये एक दार. घरात तो, क्षमा आणि त्याची आई बनाबाई. मूलबाळ अजून नव्हतं.

माणूस मोठा गमत्या. तोंडात कायम शीळ. क्षमा बी.ए. झालेली आणि हा बारावीला दोनदा गचकलेला, म्हणून बायकोला तो ‘मॅडम’ म्हणायचा. चहा हवा असला की दुकानातूनच ओरडायचा, “मॅडम, चहा मिळंल का गरिबाला?”

गळ्यात निळ्या दोरीत एक पेनड्राइव्ह अडकवलेला असायचा. दुरुस्तीला लागणारं सगळं त्यात भरलेलं. तो कॉम्प्युटरला लावला की पडद्यावर नाव उमटायचं, ‘क्षमा’. गिऱ्हाइकं हसायची. हा म्हणायचा, “हसा की. हिच्याबिगर माझं काय चालतंय?”

त्यानं क्षमालाही काम शिकवलं होतं. त्यातली एक गोष्ट नीट समजून घ्या.

कॉम्प्युटरला जे जे काही जोडलं जातं, पेनड्राइव्ह, प्रिंटर, अंगठा लावायचं मशीन, त्या सगळ्याची तो आतल्या आत यादी ठेवतो. प्रत्येक वस्तूचा नंबर, कधी जोडली, कधी काढली, सगळं त्यात असतं. वस्तू काढून नेली तरी तिचं नाव तो पुसत नाही. नुसतं फिकट करतो. वस्तू परत लावली की नाव पुन्हा ठळक होतं.

प्रसेनजित या यादीला ‘हजेरी’ म्हणायचा. “म्या काहीच लावलं न्हवतं,” असं शपथेवर सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला तो हजेरी उघडून दाखवायचा आणि वर शीळ घालायचा.

“हे झोपलं तरी याचा एक डोळा उघडा असतोय,” त्यानं एकदा क्षमाला सांगितलं होतं. “कोण आलं, कोण गेलं, ध्यान असतंय. पार बंद केलं तर मातर काही कळत न्हाय. मग उठल्या उठल्या पहिल्यांदा हजेरी घेतंय. झोपताना कोणकोण हुतं, आता कोणकोण हाय.”

“आणि मधल्या वेळात कुणी बदललंच तर?” क्षमानं विचारलं.

“नंबर असंल तर वळखतंय की. पर काही वस्तूंना नंबरच नसतोय. तसलं काही त्याच जागी लावलं, तर हे बिचारं त्यालाच जुनं समजून चालतंय.”

तेव्हा दोघंही हसले होते.

त्या मंगळवारी वीज गेली होती. प्रसेनजित कॉम्प्युटरच्या मागं वाकून तारा बघत होता. गळ्यातली दोरी तशीच, पेनड्राइव्ह मशीनला लावलेला. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला.

अचानक वीज आली.

दुकानातलं अर्थिंग खराब होतं. आज करू, उद्या करू म्हणून त्यानंच ते लांबवलं होतं.

क्षमाला आवाजसुद्धा आला नाही. तिला फक्त शीळ थांबलेली कळली…

तिनं पळत जाऊन मेनचं बटण पाडलं. तो खाली कोसळला. भिंतीवरच्या घड्याळात दोन चाळीस झाले होते.

शेजारी वलीभाईंचं पंक्चरचं दुकान आहे. ते धावत आले. त्यांनी छातीला कान लावला, नाकापुढं हात धरला. क्षमाकडं त्यांनी बघितलंच नाही.

“गाडी, गाडी बगा कुणीतरी!”

एका जीपमध्ये त्याला घातलं. डोकं वलीभाईंच्या मांडीवर, पाय क्षमाच्या. जीप सोलापूरच्या रस्त्यानं सुटली. वलीभाई त्याची छाती दाबत होते. पाय क्षमाच्या हातात होते आणि मे महिन्याच्या त्या उन्हात ते गार पडत चालले होते. वलीभाईंचे ओठ हलायला लागले. ते कलमा म्हणत होते.

क्षमाला ते समजलं. तिनं डोळे मिटून घेतले.

नळदुर्ग यायच्या जरा आधी…

प्रसेनजितनं डोळे उघडले.

वलीभाईंनी दचकून मोबाइलमध्ये बघितलं. दोन बावन्न.

त्यानं नजर फिरवली. आधी वलीभाईंकडं बघितलं. मग ड्रायव्हरच्या पाठीकडं. मग क्षमाकडं. सावकाश, एकेकाकडं. ओठ हलत होते. मग त्यानं विचारलं,

“सगळे आहेत ना?”

क्षमा रडत रडत हसली. तेव्हा तिला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. कुणाला वाटलं असतं?

दवाखान्यात तीन दिवस ठेवलं. उजवा हात भाजला होता, बाकी सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, तरुण शरीर आहे, वाचला. पेनड्राइव्ह नर्सनं पुडीत बांधून दिला. वितळून काळा गोळा झाला होता. क्षमानं तो कपाटातल्या स्टीलच्या डब्यात ठेवून दिला. टाकवेना.

घरी आल्यावर बनाबाईंनी विहारात खीरदान केलं. एकुलता एक लेक मरणाच्या दारातून परत आला होता. म्हातारी दिवसातून दहा वेळा त्याच्या तोंडावरून हात फिरवायची.

आणि तो चांगलाच वागत होता. अडचण तीच तर होती.

आईचे पाय चेपायचा. भांडी घासू लागायचा. आवाज चढवायचा नाही. बोलणं पुस्तकातल्यासारखं नीटनेटकं झालं होतं.

पण शीळ बंद झाली.

‘मॅडम’ बंद झालं. तो तिला ‘क्षमा’ म्हणायला लागला.

दुकानात तो पाऊलच टाकेना. मधल्या दारापर्यंत यायचा, उंबऱ्याशी थांबायचा, परत फिरायचा. एकदा क्षमानं अंगठ्याचं मशीनच दारात नेऊन धरलं. कॉम्प्युटर त्याच्या दोन्हीपैकी कुठल्याही अंगठ्यानं उघडायचा, क्षमा पासवर्ड टाकायची. अंगठा लावला. उघडला नाही. पाच वेळा लावला…

“हात भाजलाय ना,” तो शांतपणे म्हणाला.

बरोबरच होतं. पण क्षमानं त्याला डावा अंगठा लावायला सांगितला होता, आणि डावा भाजलेला नव्हता.

ती सासूजवळ बोलली. सासूला ती आत्या म्हणायची. “आत्या, हे जरा येगळेच वागतेत का हो?”

“मरून आलंय लेकरू,” बनाबाई म्हणाल्या. “आता कुठं शाणं झालंय, तर तुला तेबी बघवंना का?”



तो रोज दुपारी झोपायचा. सरळ, उताणा, हात छातीवर. उठला की आधी खोलीत सगळीकडं बघायचा. आईकडं, क्षमाकडं, दाराकडं. आणि दर वेळी तोच प्रश्न.

“सगळे आहेत ना?”

जूनमध्ये क्षमानं दुकान हातात घेतलं. गिऱ्हाईक सोडून चालणार नव्हतं. दुपारी दीडला ती कॉम्प्युटर स्लीपवर टाकायची, शटर अर्धं ओढायची आणि चारला परत उघडायची. प्रसेनजितची तशीच पद्धत होती.

एके दुपारी ती घरात भाकरी खात होती. मधल्या दारापलीकडून आवाज आला…

टु-डुंग.

कॉम्प्युटरला काही जोडलं की होणारा आवाज. दोन सूर, दुसरा चढता. काढलं की तेच सूर उतरते वाजतात. दुकानदाराच्या बायकोला हे आवाज घराच्या कडीइतके ओळखीचे असतात.

तिला वाटलं, शटरखालून कुणी आत आलं. ती उठून गेली. दुकानात कुणी नव्हतं. पडदा मात्र जागा होता.

दहा-बारा मिनिटं सगळं तपासून ती मागं वळली तेव्हा… डुंग-टु.

काढल्याचा आवाज.

तिनं हजेरी उघडली. यादी लांबलचक होती, बरीच नावं फिकट. सगळ्यात वर एक नाव होतं.

‘क्षमा’. जोडलं, दुपारी दोन चाळीस. काढलं, दोन बावन्न.

नंबर तोच. शेवटचे चार आकडे तिला पाठ होते.

ती घरात गेली, कपाट उघडलं, डबा उघडला. काळा गोळा जागच्या जागी होता.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉम्प्युटर झोपवला नाही, पार बंद केला. चारला सुरू करून बघितलं. दोन चाळीस, दोन बावन्न.

तिसऱ्या दिवशी तिनं वायर बोर्डातून काढली, गुंडाळली आणि सोबत घरात घेऊन गेली. जेवताना ती वायर तिच्या मांडीवर होती. चारला जोडून बघितलं…

दोन चाळीस. दोन बावन्न.

मशीनमध्ये वीजच नव्हती. मग ही नोंद घेतली कुणी?

तिनं सोलापूरच्या एका जाणकार मिस्त्रीला फोन लावला. तो हसला. म्हणाला, “ताई, सगळं पुसून नव्यानं टाका. उगं डोक्याला ताप करून घेऊ नका.” मीही त्याच्या जागी असते तर हेच सांगितलं असतं.

चौथ्या दिवशी क्षमा जेवली नाही. दीडपासून पडद्यासमोर बसून राहिली. बनाबाई विहारात गेल्या होत्या. मागच्या खोलीत तो झोपला होता. दारातून त्याचा संथ श्वास ऐकू येत होता. पंखा फिरत होता.

दोन एकोणचाळीस. मग दोन चाळीस.

टु-डुंग…

तिच्या डोळ्यांदेखत फिकट नाव ठळक झालं. मशीनला काहीही लावलेलं नव्हतं. खाच रिकामी होती, तिनं बोट लावून बघितलं. पडद्यावर चौकट आपोआप उघडली. आत एकही फाईल नाही. पण खाली जागा दाखवणारी पट्टी काठोकाठ भरलेली.

काहीच नव्हतं, आणि जागा शिल्लक नव्हती.

मग तिला दुसरी गोष्ट जाणवली. फक्त पंख्याचा आवाज येत होता…

श्वास बंद झाला होता.

ती मागं धावली. तो उताणा पडलेला. हात छातीवर. छाती हलत नव्हती. तिनं मनगट धरलं. गार. जीपमध्ये पाय होते तसंच गार. तिनं त्याला हलवलं, हाका मारल्या, गालावर मारलं. काही नाही.



मग दुकानातून… डुंग-टु.

त्यानं श्वास घेतला.

डोळे उघडले. खोलीभर बघितलं. मग तिच्याकडं. या वेळी त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

“ते जुनं नाव काढून टाक ना,” तो मऊ आवाजात म्हणाला.

“कुठलं नाव?”

“यादीतलं. मी तर इथं आहे.”

त्या दिवशी क्षमाला कळून चुकलं. घरात जो होता तो दुसराच कुणीतरी होता. आणि ज्याच्याशी तिनं लग्न केलं होतं, तो रोज दुपारी, मेला त्या वेळेला, परत येत होता. बारा मिनिटं. त्याला ओळखणारी एकच जागा उरली होती, आणि ती म्हणजे ते मशीन.

तुम्ही म्हणाल, मग ती पळून का नाही गेली? मीही तिला हेच विचारलं. ती म्हणाली, “अक्का, त्यांना तिथं एकटं सोडून कुठं जाऊ?”

ती रोज दुपारी मशीनजवळ बसायला लागली. त्याच्यावर हात ठेवून बोलायची. आत्याचं सांगायची, गिऱ्हाइकांचं सांगायची. उत्तर यायचं नाही. एकदाच… स्पीकरचं बटण बंद असताना त्यातून शीळ ऐकू आली. अर्धीच. गाण्याच्या मध्येच तुटलेली.

महिनाभरात ती पहिल्यांदा हसली. मला सांगतानाही तेवढ्यापुरता तिचा चेहरा उजळला, आणि मला तिची फार फार दया आली.

पण वेळ वाढत चालला होता.

दोन चौपन्न. दोन अठ्ठावन्न. तीनला एक मिनिट.

तो यायचा दोन चाळीसलाच. जायचा मात्र रोज जरा उशिरा. तो परत येत होता, थोडा थोडा करून. आणि तेवढा वेळ मागच्या खोलीतला देह गार पडलेला असायचा. एके दिवशी तो काही केल्या जाणार नाही, हे तिला दिसत होतं. मग काय होईल? तो त्या देहात येईल, की देहच मरून जाईल? हे कुणाला विचारणार?

वलीभाईंनी एकदा तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “भाभी, बुरा मत मानो. म्या लई मयतं उचललीत. त्या दिवशी जीपमदी म्या समजून चुकलो हुतो. वो गया था.”

जुलैचा पहिला आठवडा. गुरुवार.

त्या दिवशी बनाबाई विहारातून लवकर परतल्या. मागच्या दारानं आत आल्या. क्षमाला कळलंही नाही. ती मशीनवर हात ठेवून बोलत होती. तीन वाजून सहा मिनिटं झाली होती. सव्वीस मिनिटं. एवढा वेळ तो कधीच थांबला नव्हता.

आतून किंकाळी आली.

“क्षमे! अगं क्षमे! पोरगं गार पडलंय गं!”

क्षमा उठली नाही.

“श्वास न्हाय गं याला! माझ्या पोराला पुन्ना न्हेऊ नगा! पुन्ना न्हाय वो, पुन्ना न्हाय!”

म्हातारी छाती बडवत होती. तो आवाज दारातून येत होता. बाहेर वलीभाईंच्या दुकानातली हातोडी थांबली.

क्षमासमोर नाव ठळक दिसत होतं. ‘क्षमा’. जोडलेलं.

आणखी पाच मिनिटं थांबलं असतं तर काय झालं असतं? तिला माहीत नाही. मला माहीत नाही. कुणालाच कधी कळणार नाही. तिला फक्त ती म्हातारी ऐकू येत होती. जिनं तिला पाच वर्षं लेकीसारखं वागवलं ती.

तिनं नावावर माउस नेला. ‘काढून टाका’ निवडलं.

मशीननं विचारलं, नक्की?

तिनं हो म्हटलं.

नाव गेलं. फिकटसुद्धा राहिलं नाही. उतरता आवाज झाला.

“घेतला गं! श्वास घेतला! उठला माझा राजा!”

क्षमा पडद्याकडं बघत राहिली. आणि तेवढ्यात…

टु-डुंग.

पडद्यावर नवा संदेश होता. अनोळखी वस्तू सापडली आहे. हिला परवानगी द्यायची का?

 आत म्हातारी हसत होती, रडत होती, लेकाचे मुके घेत होती.

क्षमानं ‘नको’ दाबलं.

टु-डुंग… अनोळखी वस्तू सापडली आहे.

‘नको.’

बराच वेळ काही झालं नाही. तिला वाटलं, गेला. मग अगदी हळू, आवाज कमी करून ठेवल्यासारखा…

टु-डुंग.

तिनं तिसऱ्यांदा ‘नको’ दाबलं.

त्यानंतर तो आवाज पुन्हा कधी आला नाही. दुसऱ्या दिवशी दोन चाळीसला नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आजपर्यंत नाही. “मी त्यांना माझ्या हातानं हाकललं, अक्का,” ती मला म्हणाली. “अनोळखी म्हणून हाकललं.”

ती किती वेळ तशी बसली होती कोण जाणे. पडदा केव्हाच काळा होऊन कुलूपबंद झाला होता. मागं पावलं वाजली.

तो मधल्या दारात उभा होता. आणि या वेळी त्यानं उंबरा ओलांडला. दुकानभर नजर फिरवली, खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसला. अंगठ्याच्या मशीनवर अंगठा ठेवला.

कॉम्प्युटर उघडला.

मग तो शीळ घालायला लागला. पूर्ण गाणं. एक सूर इकडचा तिकडं नाही.

“काय मॅडम,” तो म्हणाला, “चहा मिळंल का गरिबाला?”

क्षमानं उठून चहा केला. दुसरं काय करणार होती?

आता तो हुबेहूब प्रसेनजित आहे. गमत्या, बोलघेवडा, गिऱ्हाइकांना हसवणारा. वलीभाईसुद्धा म्हणतात, म्याच चुकलो हुतो. बनाबाई सुखात आहेत. कुणाला काही सांगायची सोय उरलेली नाही, आणि सांगून तरी काय करायचं?

हे सगळं तिनं मला नोव्हेंबरमध्ये सांगितलं. माहेरी जाते म्हणून ती निघाली होती आणि सरळ माझ्याकडं तेरला आली होती. पिशवीत तिच्या लग्नातला फोटो होता. मधोमध कापलेला. नुसता प्रसेनजित.

“त्यांचं जलदान करायचंय, मेल्यावरचं पाणी सोडायचंय,” ती म्हणाली. “कुणीच केलं न्हाय. मेलेत हे कुणाला ठाऊकच न्हाय.”

मी तिला समजावलं, रागावले, वेड लागलंय म्हटलं. मग तिच्या तोंडाकडं बघून पायात चपला घातल्या.

आमच्या गल्लीत ज्ञानोबाकाका आहेत, बौद्धाचार्य. त्यांना सांगितलं, क्षमाचे मिस्टर गेले, बाहेरगावी सगळं घाईत झालं, विधी राहिला. ते बिचारे लगेच आले. माझ्या बाहेरच्या खोलीत, दार लावून, सकाळी दहा वाजता आम्ही तिघांनी तो विधी केला. मेणबत्ती, पांढरी फुलं, त्रिशरण, पंचशील. काकांनी मयताचं नाव विचारलं. क्षमानं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. तांब्यातलं पाणी ताटलीत सोडताना ती पहिल्यांदा रडली. मोठ्यानं, मोकळी होऊन. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

फोटो तिला नेता येत नव्हता. तो माझ्याकडंच राहिला.

दुपारच्या गाडीनं मी तिला लावून दिलं. जळकोटच्या स्टँडवर तो तिला न्यायला आला होता. ती कोणत्या गाडीनं येणार, हे तिनं कळवलेलं नव्हतं. तो हसला, पिशवी घेतली, मोटारसायकल सुरू केली. अर्ध्या वाटेत, मागं न बघता म्हणाला,

“झालं का नीट समदं?”

“काय?” तिनं विचारलं.

“बरं केलंस. कुणीतरी करायलाच पायजे हुतं.”

पुढं घर येईपर्यंत तो शीळ घालत होता.

हे तिनं मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. त्यानंतर ती यावर एक शब्दही बोललेली नाही. मी विषय काढला की म्हणते, “जाऊ दे अक्का, बरं चाललंय.” तिचं बोलणं हल्ली फार नीटनेटकं झालंय, आणि मला ते आवडत नाही.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. आजवर मला कधी फोन न केलेला माणूस. पोरांची चौकशी केली, शाळेची थट्टा केली, मलाही हसू आलं. ठेवता ठेवता म्हणाला,

“अक्का, माझा अर्धा फोटू तुमच्याकडं राहिलाय. येऊ का न्यायला?”

मी फोन कापला.

फोटो कपाटात आहे. जाळून टाक, असं मन सांगतं. हात होत नाही. त्यात तो हसतोय, आणि खरा प्रसेनजित आता तेवढाच उरलाय.

मी तो देणार नाही. पण त्याला माझं घर माहीत आहे.